लिली बाबांचं ऐकत नाही

कंपनीत डब्याची सुट्टी झाली की आमच्या डिस्पॅचच्या बायका पूर्वी भाजी विचारायच्या. आता विचारतात, "काय गं, आज काय केलं तुमच्या लिलीने?" मी रोज ठरवते, आज गप जेवायचं. पण घरात बोलणारी डबी असली की किस्से काय, रोज सकाळी दुधाच्या पिशवीबरोबरच येतात! एक सांगून होत नाही तोवर दुसरा तयार. म्हटलं, एकदाच सगळे सांगून टाकू. म्हणजे माझी भाकरी तरी वेळेत संपेल.

*

लिली म्हणजे स्मार्ट स्पीकर. वाटीएवढी गोल, वर निळा दिवा. "हॅलो लिली" म्हटलं की दिवा लागतो. मग सांगायचं, गाणं लाव, बातम्या सांग. माझ्या नणंदेने, ज्योतीताईंनी, बदलापूरहून आणून दिली. हौस म्हणून नाही, बाबांसाठी.

बाबा म्हणजे माझे सासरे. मोरिवली गावचे जुने. शेती एमआयडीसीत गेली आणि बाबा आपल्याच शेताच्या जागी उभ्या राहिलेल्या कंपनीत नोकरीला लागले. पण त्यांची खरी ओळख नोकरीची नाही, माईकची! आमच्याकडे गावोगाव टेनिस बॉलच्या टुर्नामेंट होतात. तिथे कॉमेंट्रीला बाबाच लागायचे. बॅट्समन आउट झाला की आज त्याच्या घरी कालवण कसलं आहे तेही बाबा माईकवरून सांगायचे. लोक मॅच सोडून बाबांना ऐकायला यायचे.

मागच्या वर्षी त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. हात सुधारला, पाय सुधारला, काठीसुद्धा सुटली. वाचा मात्र अडकली. डोक्यात सगळं स्वच्छ, पण शब्द ओठाशी येऊन थांबतो. आणि तो थांबला रे थांबला की आमच्या आई, म्हणजे सासूबाई, तो पूर्ण करतात. बाबा "च" म्हणाले की, "चहा? आणते." "पा" म्हणाले की, "पानी? घ्या." सगळं मायेपोटीच हो! पण उल्हासनगरला स्पीच थेरपीवाल्या मॅडम आहेत, सिंधी आहेत, त्यांनी आम्हाला असं झापलं! "इनको बोलने दो ना! तुम लोग वाक्य पूरा करोगे तो ये कोशिश क्यूँ करेंगे? अभी नहीं बोले तो आगे मुश्किल है."

आई म्हणाल्या, "मी कुठे पुरा करते? ते अडकतात म्हणून मी..."

"म्हणून आप बोलती हो!" मॅडमनी आईंचंच वाक्य पूर्ण केलं. "कैसा लगा?"

घरी आल्यावर पुन्हा "पानी? घ्या" सुरू! हळूहळू बाबांनी तोंड उघडायचंच सोडलं. म्हणून ज्योतीताईंनी ती डबी आणली. म्हणाल्या, "वहिनी, ही मधे बोलत नाही. बाबांना हिच्याशी बोलायला लावा."

*

गणपतीत लिली आली आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी बहिरी झाली.

आमच्याकडे खंडेनवमीला घरातल्या झाडून सगळ्या यंत्रांची पूजा होते. कंपनीवाली माणसं ना! मिक्सर, इस्त्री, शिलाई मशीन, बाईक, सगळ्यांना फूल आणि हळदकुंकू. आईंनी लिलीलाही झेंडू वाहिला. कुंकू लावायला कपाळ कुठे ते कळेना, म्हणून त्यांनी चहूबाजूंनी लावलं! आता तिच्या डोक्यावर बारीक भोकं असतात, त्यातूनच तिला ऐकू येतं. ती सगळी कुंकवाने गच्च. दुपारपासून हाका मारतोय, ही आपली ढिम्म.

मनोज, म्हणजे माझा नवरा, जुना टूथब्रश घेऊन बसला आणि कुरकुरायला लागला, "आई, तू तिचे कान बुजवलेस!"

आई म्हणाल्या, "मना काय ठाव, बायचे कान डोक्यावर हायत!"

*

शुक्रवारचा किस्सा तर आमच्या गल्लीत फेमस आहे.

एमआयडीसीला शुक्रवारची सुट्टी. म्हणून लाईनीची कामं त्याच दिवशी काढतात आणि लाईट जाते. लाईट गेली की वायफाय गेलं, वायफाय गेलं की लिली गप्प. मनोजने आईंना हे सगळं नीट समजावलं. राउटर दाखवला, वायर दाखवली. आईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि शेजारच्या काकूंना सांगितलं, "शुक्रवारी तिची सुट्टी असते." बाबांची जन्मभर शुक्रवारची सुट्टी, मनोजची शुक्रवारची, माझी शुक्रवारची. लिलीची असली तर त्यात नवल काय?

मग एका शुक्रवारी लाईट गेलीच नाही. मी निवांत भाजी निवडत बसले होते. म्हटलं, "हॅलो लिली, बातम्या लाव." आई आतून हात पुसत धावत आल्या.

"अगो, सुट्टीच्या दिवशी तिला कामाला लावतेस! ओव्हरटाईम तू देनार काय?"

*

मनोजचं आणि आईंचं खरं युद्ध झालं ते बल्बवरून.

तो उल्हासनगरच्या मार्केटमधून एक स्मार्ट बल्ब घेऊन आला. नुसतं "दिवा लाव" म्हणायचं आणि दिवा लागणार! बाबांना उठावं लागणार नाही. दोन तास मोबाईलशी झटापट करून त्याने तो जोडला, सगळ्यांना बोलावलं, छाती पुढे काढून म्हणाला, "हॅलो लिली, दिवा लाव." दिवा लागला. आम्ही टाळ्या वाजवल्या. मनोज बाथरूममध्ये जाऊन आला आणि पुन्हा म्हणाला, "हॅलो लिली, दिवा लाव."

"माफ करा, उपकरण प्रतिसाद देत नाही."

तेवढ्यात आईंनी भिंतीवरचं बटण बंद केलेलं! खोलीतून उठताना बटण बंद करायचं, ही त्यांची सवय आमच्या लग्नाच्या आधीपासूनची. आणि बटण बंद असेल तर बल्ब कितीही हुशार असला तरी लागायचा कसा? मनोज बटण चालू करायचा, आई बंद करायच्या. शेवटी त्याने बटणावर चिकटपट्टी मारली. आईंनी ती नखाने सोलून काढली आणि बिल वाढेल म्हणून आणखी वर दोन शब्द सुनावले. मनोज बल्ब घेऊन तरातरा दुकानात गेला. "भाईसाब, ये चलता नहीं है." दुकानदाराने तिथल्या तिथे लावून दाखवला, झकास लागला! मग मनोजने घरची सगळी हकीकत सांगितली.

दुकानदार म्हणाला, "साईं, बल्ब मैंने स्मार्ट दिया. घरवाले भी मैं ही दूँ क्या?"

*

आता बाबा.

पहिल्या दिवशी आम्ही सगळे गोल करून बसलो होतो. बाबांनी खुर्ची पुढे ओढली, तोंड उघडलं. "हॅ..." आणि पुढे ल. बाबांना सगळ्यात जड काय जात असेल तर ल! आणि डबीचं नाव काय, तर हॅलो लिली! ज्योतीताईंना तरी काय माहीत? दिसायला बरी वाटली ती घेतली. बाबांच्या मानेची शीर फुगली, कपाळाला घाम आला. दिवा काही लागला नाही. मग मनोजने त्यांच्यासाठी तिला उठवलं. ती म्हणाली, "बोला, मी ऐकतेय." बाबांना बातम्या हव्या होत्या. म्हणाले, "बा... बा..."

"माफ करा, मला समजलं नाही."

तेही असल्या गोड, शुद्ध आवाजात! बाबांनी खांद्यावरचा नॅपकिन तिच्यावर फेकला आणि आत निघून गेले. मला त्या डबीचा असा राग आला! वाटलं, उचलावी आणि वालधुनीच्या नाल्यात फेकून द्यावी. ज्या माणसाचा आवाज मैदानभर घुमायचा, त्याला ही ठमाकाकू म्हणते, समजलं नाही! मी तेव्हाच तिला खोक्यात भरलं, ज्योतीताईंना परत द्यायला.

दुसऱ्या दिवशी कामावरून आले तर खोकं रिकामं. लिली बाबांच्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर, वायर कशीबशी प्लगमध्ये खुपसलेली. मी आईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "मी नाय काढली."

*

हे मी डब्याला कुणाला सांगितलं नव्हतं, आज सांगते.

एका सोमवारी मला ताप होता, म्हणून कामावर गेले नाही. आतल्या खोलीत पडले होते. आई सोमवारी शिवमंदिरात जातात. त्यांच्या चपलांचा आवाज गेटबाहेर गेला, आणि बाहेरच्या खोलीतून ऐकू आलं, "लि... लि..." मग बराच वेळ काही नाही. पुन्हा, "लि..." कधी नुसताच श्वास. कधी स्टुलावर बुक्की. पुन्हा पहिल्यापासून, "हॅ..."

इतके महिने आम्ही या माणसाच्या तोंडात शब्द कोंबत होतो आणि तो एकटा बसून एक अक्षर घासत होता. मी उशीत तोंड खुपसून रडले. बाहेर मात्र गेले नाही. गेले असते तर त्यांनी सोडूनच दिलं असतं.

गेट वाजलं, तशी पेपरची फडफड झाली. आई आत येऊन म्हणाल्या, "अवो, पेपर उलटा धरलाय!"

*

आणि लिलीचा आगाऊपणा बघा. टीव्हीतल्या जाहिरातीला तिचा दिवा लागायचा. कुकरच्या शिट्टीला लागायचा. मनोज फोनवर साहेबांशी बोलत असला तर हमखास लागायचा. फक्त बाबांना लागायचा नाही!

एकदा बाबा संध्याकाळी तिच्यासमोर बसले होते. आता ते आमच्यादेखत प्रयत्न करायचे, एवढी प्रगती होती. "हॅ... लो..." आम्ही सगळे श्वास रोखून. बाबांनी दम घेतला, जीभ वर नेली, आणि बाहेर गल्लीत भंगारवाला ओरडला, "ए भंगाऽऽर!"

दिवा लागला. लिली म्हणाली, "बोला, मी ऐकतेय."

मला बाबांकडे बघायचं धाडस होईना. एकदम खुर्ची हलायला लागली. बघते तर बाबा हसत होते! पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. झटक्यानंतर पहिल्यांदाच. मनोज पळत बाहेर गेला आणि भंगारवाल्याला म्हणाला, "भाई, एक बार और चिल्ला!"

भंगारवाला म्हणाला, "पहले बोलो, देना क्या है?"

*

धुळवडीला ज्योतीताई, त्यांचे मिस्टर आणि मुलं आमच्याकडे जेवायला होती. धुळवड म्हणजे मटण आलंच, आणि मटण आईंनीच करायचं. सकाळपासून त्या चुलीपुढून हलल्या नव्हत्या. तांदळाच्या भाकऱ्या थापायच्या, गरम गरम वाढायच्या, परत आत जायचं. आम्ही आडवा हात मारला आणि जागच्या जागी कलंडलो. पोरं झोपली. ज्योतीताईंचे मिस्टर तर बसल्या बसल्या घोरायला लागले. आईंची आत भांडी वाजतच होती.

बाबा उठून त्यांच्या खुर्चीत बसले. कुणाचं लक्षही नव्हतं.

"हॅ-लो... लि-ली."

वाकडंतिकडं, पण सगळं. दिवा लागला! मी ताडकन उठून बसले. मनोजने ज्योतीताईंचा हात घट्ट धरला. लिली म्हणाली, "बोला, मी ऐकतेय."

आई पळी घेऊनच बाहेर आल्या. "काय पायजे? पानी? पंखा लावू?"

बाबांनी मान हलवली. "जे..."

"जेवायला? अवो, आता तर पानावरनं उठलात! भाकरी देऊ काय परत? नाय म्हनजे भूक असल तर..."

"आई, थांब ना जरा!" ज्योतीताई रडकुंडीला आल्या. तोवर दिवा विझला. म्हटलं, संपलं! आता बाबा उठून आत जाणार.

बाबा उठले नाहीत. त्यांनी हात वर केला, आईंकडे बघितलं आणि म्हणाले, "तू... गप गो. मी... बोलतंय."

अख्खं वाक्य! आमच्या घरात आईंना आजवर कुणी गप म्हटलेलं नाही. आईंनी तोंड उघडलं, आणि मिटलं. मनोज भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. ज्योतीताईंच्या डोळ्यांना धार लागलेली.

बाबांनी घाई केली नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. "हॅ-लो... लि-ली."

दिवा लागला.

"बोला, मी ऐकतेय."

बाबांनी बोट उचललं आणि पळी घेऊन उभ्या असलेल्या आईंकडे दाखवलं.

"लिली... हिला... इचार. जेवली... का?"