एक परळ

मी बरीच वर्षं दादरचं तिकीट काढून परळला उतरत आलो. कारण साधं आहे. मला 'दादर' म्हणता येतं, 'परळ' म्हणता येत नाही. प हे अक्षर माझ्या ओठांपर्यंत येतं आणि तिथंच बसकण मारतं. गिरगावातून घरी परतताना कंडक्टर समोर उभा असायचा, मागची माणसं चुळबुळत असायची आणि माझे ओठ घट्ट मिटलेले. मग मी 'एक दादर' म्हणून मोकळा व्हायचो. एकदा एका भल्या कंडक्टरनं माझं तिकीट लक्षात ठेवलं. परळला उतरायला उठलो तर म्हणाला, "ओ साहेब, बसा बसा, दादर लांब आहे अजून." त्याला काय सांगणार? बसलो. दादरला उतरलो, त्याला हसून हात केला आणि चालत परत आलो.

तोतऱ्या माणसाच्या डोक्यात कायम अशी अदलाबदल चालू असते. बोलता येणारे शब्द एकीकडे, न येणारे दुसरीकडे. हॉटेलात मला हवे असायचे पोहे आणि मागवायचो उपमा. उपमा मला आजही आवडत नाही. पण स्वतःच्या नावाला दुसरा शब्द नसतो, आणि माझं नाव नेमकं प वरून आहे. मुलगी बघायला गेलो तेव्हा तिच्या वडिलांनी ते विचारलं. बिचाऱ्यांनी चहा गार होईपर्यंत वाट पाहिली, शेवटी दादानं ते सांगून टाकलं. लग्न राहिलं ते राहिलंच. मी दादा-वहिनींच्या घरातच राहिलो. त्यांची मुलगी माझ्या मांडीवर वाढली आणि गिरगावातल्या एका छापखान्यात मी लोकांच्या लग्नपत्रिकांचे खिळे जुळवत बसलो. ते काम हातांचं होतं, म्हणून टिकलं.

टेलिफोनचा मला मनापासून राग होता. एकदा दुपारी बाबांच्या छातीत दुखू लागलं. खालच्या वाण्याच्या दुकानातून मी दादाच्या फोर्टमधल्या ऑफिसला फोन लावला. ऑपरेटर बाईंनी 'हॅलो' म्हटलं आणि माझ्या तोंडून नुसता श्वास निघाला. त्यांनी फोन ठेवला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "दिवसाढवळ्या बायकांना फोन करून श्वास ऐकवता, लाज नाही वाटत?" आणि ठेवला. मग मी शेजाऱ्यांच्या मदतीनं बाबांना टॅक्सीत घातलं. बाबा त्या वेळी वाचले. पण दादाच्या ते फार मनाला लागलं. तेव्हापासून त्याला मुका फोन आला की तो कधीही खाली ठेवायचा नाही. रिसिव्हर कानाला लावून शांतपणे म्हणायचा, "बोल रे, मी हंय." म्हणजे, मी इथंच आहे. त्यातले निम्मे फोन खरोखरच रॉंग नंबर असत. तरी तो थांबायचा.

म्हणून सांगतो, हातात स्मार्टफोन आला तेव्हा मला जी सुटका वाटली ती इतरांना कळणार नाही. लोक म्हणतात, फोनमुळे माणसं बोलेनाशी झाली. माझं उलटं झालं. मी बोलका झालो. गिऱ्हाईकं मजकूर मेसेजवर पाठवू लागली, मी मेसेजवर भांडू लागलो. घराच्या ग्रुपवर सगळ्यात जास्त टिंगल माझी चालते, म्हणजे मी करतो. पोहे बोट लावून मागवता येतात. सगळी मुंबई मान खाली घालून टाईप करत होती आणि त्या गर्दीत मी वेगळा दिसत नव्हतो. एवढं सुख मला आधी कुणी दिलं नव्हतं. फोनचा पडदा फुटला तेव्हा मी दोन दिवस नीट जेवलो नाही, हेही कबूल करतो.

तीन वर्षांपूर्वी दादा गेला. त्यानंतर घरात एक अडचण उभी राहिली. आमच्या कोकणी घरांत शुभकार्याआधी देवापुढे नारळ ठेवून वडीलधारा पुरुष गाऱ्हाणं घालतो. म्हणजे देवाला उभ्या उभ्या, मोठ्यानं, आपल्या बोलीत सगळं सांगायचं आणि प्रत्येक वाक्यामागे बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. दादाचं गाऱ्हाणं ऐकायला शेजारपाजारचे यायचे. त्याच्यानंतर वडीलधारा मीच. मी तोड काढली. दादाचं गणपतीतलं एक गाऱ्हाणं माझ्या फोनमध्ये होतं. दोन वर्षं आम्ही तेच लावलं. फोन पाटावर, नारळाशेजारी. दादा बोलायचा, आम्ही 'व्हय म्हाराजा' म्हणायचो आणि वहिनी पदर तोंडाला लावायच्या.

यंदा पुतणीचं लग्न ठरलं.

ती एका कंपनीत आहे, लोअर परळच्या काचेच्या इमारतीत. फोनच्या जागी पुढं काय येणार, यावर त्यांचं काम चालतं. एका रविवारी सकाळी ती एक चष्मा घेऊन आली. दिसायला साधाच, काड्या जरा जाड. म्हणाली, "काका, अजून काही वर्षांनी हे फोन कोण वापरणार नाही. पडदाच नको. चष्मा बघतो, कानात बोलतो, आपण फक्त सांगायचं. घाला ना, मराठी पण कळतं त्याला."

"फक्त सांगायचं" हे तिनं अगदी सहज म्हटलं. मी चष्मा घातला. विचारायचं होतं, परळहून माटुंग्याला कुठली बस जाते. एखाद्या सोप्या जागेचं नाव घेता आलं असतं. पण घरच्या घरात, तेही यंत्राशी बोलताना कशाला लाजायचं, असं वाटलं. प वर ओठ मिटले. कानात एक गोड बाई म्हणाली, "माफ करा, मला काही ऐकू आलं नाही." मी पुन्हा जोर लावला. "माफ करा." तिसऱ्यांदा तर तिनं माफीही मागितली नाही. टुंग असं वाजलं आणि कान गप्प झाला.

मी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि गॅलरीत गेलो. इतक्या वर्षांनी त्याच बाईंनी पुन्हा तिसऱ्यांदा फोन ठेवला असं वाटलं. भीतीही वाटली, खोटं कशाला बोलू. उद्या बसचं तिकीट, बँक, औषधाचं दुकान, सगळंच असं कानात ऐकणारं झालं तर मी कुठं जायचं? हातातला फोन काढून घेतला तर माझी जीभच काढून घेतल्यासारखं होणार होतं.

पुतणी मागोमाग आली. म्हणाली, "काका, तो घाई करतो. गप्प झालं की त्याला वाटतं माणसाचं बोलणं संपलं. त्याला शिकवलं तर थांबेल. तुमचा आवाज रेकॉर्ड करू दे मला. तुमच्यासारख्या खूप लोकांचे आवाज पाहिजेत आम्हाला."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ती हातभर अंतरावर उभी होती, तरी मी फोन काढला आणि टाईप केलं: मी नमुना नाही. तिच्या हातातला फोन वाजला. तिनं वाचलं आणि शेजारी उभं राहूनच उत्तर टाईप केलं: सॉरी काका. मग आम्ही दोघं खालच्या रस्त्यावरच्या टॅक्स्या बघत राहिलो. थोड्या वेळानं ती म्हणाली की मनगटाला बांधायचा एक पट्टाही येतोय, त्यात नुसती बोटं हलवली की लिहिलं जातं. मी म्हटलं, मला तो दे. म्हणाली, त्याला वेळ आहे अजून.

लग्नाआधी घरच्या देवापुढे नारळ ठेवायचा दिवस ठरला. वहिनी स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, "भावजीनू, ह्या येळेक फोन नको. तेच्यात गणपतीचा गाऱ्हाणा हा. पोरीच्या लग्नाचा तुमीच घालूक व्हया."

मी पुतणीला गाठलं आणि लिहून विचारलं, तुझ्या त्या यंत्रांना दादाच्या आवाजात नवं गाऱ्हाणं बोलायला लावता येईल ना? तिनं वाचलं. "येईल," म्हणाली. "तासाभराचं काम आहे. मी एकदा बाबांच्या आवाजात माझं नाव बोलवून घेतलं होतं. बाबांचाच आवाज होता, काका. पण बाबा नव्हते. मला नको ते." मग म्हणाली, "देवासमोर कोणीतरी उभं राहायला पाहिजे ना माझ्यासाठी."

मी फोन खिशात टाकला.

चार दिवस मी गाऱ्हाणं लिहीत होतो. जन्मभर मजकूर जुळवला, तो अनुभव कामाला आला. प चा एकही शब्द राहू दिला नाही. 'पायाकडे' काढलं, 'चरणांशी' घातलं. 'चूकभूल पोटात घाल' काढलं, 'माफी कर' घातलं. परळचं नावच घेतलं नाही. सगळं मोठ्या अक्षरांत फोनवर ठेवलं आणि आरशासमोर वाचून पाहिलं. झकास जमलं. आरशासमोर मी कधीच अडखळत नाही.

त्या दिवशी सकाळी खोली भरली होती. चिंचपोकळीचा चुलतभाऊ, त्याची बायको, शेजारचे दोघं-तिघं. पाटावर नारळ, पुतणी माझ्या उजव्या हाताला. मी फोन समोर धरला.

"देवा म्हाराजा," मी म्हटलं. छान निघालं.

"व्हय म्हाराजा," खोली म्हणाली.

"आज तुझ्या चरणांशी..." आणि पुढे 'नारळ'. न ला मी कधी घाबरलो नव्हतो. न माझा मित्र होता. तोच अडला. ओठ उघडे, आवाज बंद. चुलतभाऊ चांगला माणूस आहे, त्याला बघवेना. तो हळूच म्हणाला, "नारळ, नारळ." पुतणीनं त्याच्याकडे न बघता हात वर केला. तो गप्प बसला. सगळेच थांबले. आणि तेवढ्यात माझ्या हातातल्या फोनचा पडदा काळा झाला. माझ्या लाडक्या फोनलाही तेवढा वेळ थांबता आलं नाही.

मला काय झालं सांगता येत नाही. हसू आलं. मी फोन खिशात घातला. मान वर केली तर पुतणी माझ्याकडे बघत होती. त्या नजरेत घाई नव्हती, कीव नव्हती. दादा रिसिव्हर कानाला लावून तसाच बसायचा. ती अगदी हळू म्हणाली, "बोला काका, मी हंय."

"नारळ ठेवलेलो आसा," मी म्हणालो. "तो गोड मानून घे."

"व्हय म्हाराजा."

आता समोर लिहिलेलं काही नव्हतं. जे येईल ते बोलत गेलो. अडखळलो, थांबलो, पुन्हा सुरू झालो. प्रत्येक वेळी खोली थांबली. मग म्हणायचं आलं, माझ्या पुतणीचं लग्न ठरलं आहे. प वर ओठ मिटले ते मिटलेच. जन्माची खोड, मी शब्द बदलला.

"माझ्या लेकीचा लगीन जमला हा, म्हाराजा."

मग सगळ्यात आधी वहिनींचा आवाज आला. "व्हय म्हाराजा." त्या रडत होत्या आणि तरी त्यांचा आवाज खोलीत सर्वांत मोठा होता. पुतणीनं माझ्या सदऱ्याची बाही घट्ट धरून ठेवली. मी उरलेलं सगळं देवाला सांगितलं, इडापिडा टाळायला सांगितलं, दादाची आठवणही सांगितली. एरवी पाच मिनिटांचं गाऱ्हाणं मी पंधरा मिनिटं घातलं असेल. नंतर चुलतभाऊ म्हणाला, दादाचं पण एवढं लांबायचं नाय रे. मी म्हटलं, वसूल झालं ना?

लग्न झाल्यावर दोन आठवड्यांनी मी तिला मेसेज केला: तुझ्या त्या यंत्राला शिकवायला कधी येऊ?

तिच्या ऑफिसात एक लहानशी बंद खोली आहे. भिंतींना फोम लावलेला, मध्ये माईक, समोर काच. काचेपलीकडे ती हेडफोन लावून बसली. माझ्या कानात तिचा आवाज आला, "काका, काहीही बोला. जे रोज बोलावंसं वाटतं ते. वेळेचं बघू नका."

मी माईककडे पाहिलं. ओठ मिटले. दुसरा शब्द लगेच पुढे आला, दरवेळी येतो तसा. मी त्याला बाजूला केलं. काचेपलीकडे ती हाताची घडी घालून बसून राहिली. किती वेळ गेला ते मी मोजलं नाही.

"एक परळ," मी म्हणालो.