पाणी सोडून

माझ्या मामाने उभं आयुष्य चष्म्याच्या दुकानात काढलं. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे एकेक काच धरायची आणि विचारायचं, "आधीचं बरं दिसत होतं, की आत्ताचं?" उत्तर गिऱ्हाइकाने द्यायचं. त्यामुळे माणसाला स्वतःचंही एखादं मत लागतं, हे मामाला कधी कळलंच नाही. घरातली सगळी मतं मामीकडे असायची. ती गेली, आणि वरच्या खोल्या भाड्याने देताना भाडं किती, लाइट-पाण्याचं काय, हे ठरवायची वेळ या माणसावर आली.

त्याने गल्लीतल्या घरमालकांना विचारलं, तिथेच घोळ सुरू झाला. जिन्यातल्या दिव्यालाही वेगळा मीटर बसवणारे शेजारचे मीटरकाका म्हणाले, "भाड्यात काही म्हणजे काही धरायचं नाही. लाइट फुकट मिळाली की माणूस पंखा चालू ठेवून गावाला जातो. आणि घासाघीस करणाऱ्याला सरळ दार दाखवायचं." समोर इस्त्रीचं दुकान चालवणाऱ्या मावशींकडेही भाडेकरू होते. त्या म्हणाल्या, "सगळं धरून एकच आकडा सांगा. थोडा चढवून सांगायचा, मग थोडा उतरवायचा. त्यांनाही जिंकल्यासारखं वाटतं, आणि बिलावरून रोजची डोकेफोड नाही." मामाला दोघांचंही पटलं. आता अशा माणसाचं काय करायचं?

खोल्या बघायला एक नर्स आली. तिने विचारलं, "काका, भाडं थोडं कमी होईल का?" मामा आधी "होईल" म्हणाला, मग मीटरकाका आठवून "नाही होणार" म्हणाला, मग मावशी आठवून "बघू" म्हणाला. मी शेजारी बसून कपाळाला हात लावला.

"बरं, भाडं लाइट धरून ना?"

"लाइट धरून," मामा म्हणाला. हे मावशींच्या मनासारखं झालं.

"आणि पाणी?"

मीटरकाकांचाही मान राखायला हवा होता. "पाणी सोडून," मामा म्हणाला.

नर्स एकदम खूश झाली. कशाने झाली, ते मला कळेना. आठवड्याभरात ती वर राहायलाही आली.

आमच्याकडे वरच्या नळाची चावी खाली अंगणात आहे. रोज सकाळी मामा ती फिरवायचा आणि ओरडायचा, "पाणी सोडलं गं!" वरून आवाज यायचा, "आलं काका!" एवढ्याशा बोलण्याने हा माणूस बदलला. दाढी रोज करू लागला, जेवण टाळेनासा झाला. मला एकदा म्हणाला, "ही टिकली पाहिजे बघ. वरती पुन्हा रिकामं झालं तर मला नाही सहन होणार."

आणि पाण्याचं बिल आलं. मामा ते घेऊन वर गेला.

"काका, तुम्हीच म्हणाला होतात, पाणी सोडून!"

"म्हणून तर बिल आणलं!"

"म्हणून तर मी देणार नाही!"

मामा खाली आला तो पार चक्रावून. आपण काय म्हणालो होतो, हेच त्याला आता आठवेना. नर्सला वाटलं, म्हातारा शब्द फिरवतोय. तिने दुसरीकडे खोली बघितली आणि तिथे येते म्हणून सांगूनही टाकलं.

मला ती जिन्यात भेटली. डोळे भरलेले. "इतक्या भाड्यात पाणी सोडून देतो म्हणाले. रोज सोडतातही. मग वर पैसे कसले?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. "अगं बाई, सोडून म्हणजे वगळून! नळाला पाणी सोडून नव्हे!"

ती पायरीवर बसली आणि हसत सुटली. मग ओशाळून वर गेली. मी मामाला हाताला धरून तिच्यामागे नेलं.

"काका, चुकलं माझं. पाण्याचे देते मी," ती म्हणाली.

"नको, नको. पाणी धरूनच."

"असं कसं? मग भाडं तरी थोडं वाढवा."

"उलट कमीच करतो!"

आता तीच बावचळली. न मागता भाडं उतरवणारा घरमालक तिने पाहिला नव्हता. "काका, खरं सांगा. घर विकताय का? छत गळतंय का?"

"नाही गं!" मामा घामाघूम झाला. त्याने माझ्याकडे बघितलं, पण मी तोंड उघडलं नाही. "मला... घरात दुसरं कुणी असलं की बरं वाटतं. तू जाऊ नकोस."

"हे आधी का नाही बोललात?"

"भाड्याच्या बोलण्यात हे कुठे बसवायचं, तेच कळेना."

मग फोन काढून तिने त्या नव्या घरमालकिणीला सांगितलं, "काकू, मी येत नाहीये. नाही हो, भाड्याचं काही नाही."