मेंढरांमागचा ससाणा

दुष्काळ पडला की आमच्यासारख्यांची चंगळ व्हायची. सांगायला लाज वाटते, पण खोटं कशाला बोलू? शहरात आमच्या गारखेड्यात आठवड्यातून एकदा नळाला पाणी, टँकरभोवती बायकांची हमरीतुमरी, आणि मी मात्र रविवारी गळ्यात कॅमेरा अडकवून पैठणच्या धरणाकडं पळायचे. धरण आटलं की लांबपर्यंत गाळ उघडा पडतो आणि त्यावर टिलव्यांचे थवे उतरतात. टिलवा म्हणजे चिमणीएवढा पाणपक्षी, हिवाळ्यात पार उत्तरेकडून येतो. त्याच्या मागावर बहिरी ससाणा. पूर्वी शहराजवळच्या तळ्यांवरसुद्धा हे दिसायचे. तिथं आता प्लॉट पडलेत.

मला एकच फोटो हवा होता. ससाणा टिलव्याला धरतो, तो क्षण. त्यापायी तीन हिवाळे घातले. घरचे म्हणायचे, हिला खूळ लागलंय. लागलंच होतं की!

खूळ लावलं सरांनी. क्रांती चौकाजवळ त्यांचा फोटो स्टुडिओ होता आणि कॅमेरा कसा धरायचा इथपासून सगळं त्यांनीच शिकवलं. मी फुलंब्रीच्या शाळेतली मास्तरीण, पोरं मला टरकून असायची, पण सरांपुढं मीच विद्यार्थिनी व्हायचे. एकदा मी घरट्याच्या फार जवळ जाऊन फोटो काढला, तर त्यांनी तिथल्या तिथं तो पुसायला लावला होता. “पाखराला त्रास देऊन काढलेला फोटो चोरीचा माल असतो,” म्हणाले. मला त्यांचा केवढा अभिमान वाटला होता!

धरणाकाठी एक धनगर काका मेंढरं चारायचे. मला बाई म्हणायचे, घोंगडीवर जागा करून द्यायचे. ससाण्याची खरी युक्ती त्यांनीच सांगितली. “एका जाग्याला बसून काय घावायचं, बाई? मेंढरं चालली की बारकी पाखरं उठत्यात. त्याला ठावं हाय. आमच्या मागं मागंच फिरतंय ते.” तेव्हापासून मी आणि सर मेंढरांबरोबर चालायला लागलो. काका इतरांशी फटकून वागणारे, पण माझ्यावर त्यांचा जीव जडला होता.

तिसऱ्या हिवाळ्यात तो दिवस उगवला. मेंढरं गाळाच्या कडेनं चालली, टिलव्यांचा थवा भुर्रकन उठला, आणि एक टिलवा मागंच राहिला. पंख फडफडवत होता, पण उठत नव्हता. वरून ससाणा दगडासारखा कोसळला. माझं बोट बटणावरून हललं नाही. ससाण्यानं टिलव्याला धरलं, थोडं उचललं, मधेच अडखळला आणि टाकून गेला. आपल्याला बुजला असणार, मला वाटलं.

मी गाळात नाचले. चाळिशीची बाई, अक्षरशः उड्या मारल्या. “तू थांब, रुतशील,” म्हणत सर एकटेच पुढं गेले आणि परत येऊन म्हणाले, “गेला बिचारा.” त्याच क्षणाचा त्यांचा फोटो पुढं एका स्पर्धेत पहिला आला. पेढे मी वाटले.

उन्हाळ्यात भिंतीवर लावायला माझा फोटो मोठा करून घ्यावा म्हणून संगणकावर बसले. कडा कापता कापता टिलव्याच्या पायाशी एक रेघ दिसली. आधी वाटलं, गवताची काडी असेल. पुढचा फोटो उघडला, त्याच्या पुढचा उघडला. रेघ ताणली गेली होती. मासे धरायचा नायलॉनचा दोरा होता तो, आणि त्याचं दुसरं टोक गाळात रोवलेल्या खुंटीला.

तशीच स्टुडिओत गेले. फोटो समोर धरला. सर चिडले नाहीत, लाजलेही नाहीत. “अगं, तीन वर्षं तडफडत होतीस. तुझ्यासाठीच केलं ना,” म्हणाले, आणि वर चहा सांगितला! माझ्या अंगाची लाही लाही झाली. माझ्यासाठी केलं, तर बक्षीस कुणी घेतलं हो? तो चहा तसाच ठेवून मी बाहेर पडले. आयुष्यात कुणी मला इतकं उल्लू बनवलं नव्हतं.

रविवारी कॅमेरा न घेता धरणावर गेले. काकांना सांगायचं होतं, मन मोकळं करायचं होतं. त्या दिवसानंतर मेंढरं पलीकडच्या अंगाला नेली होती त्यांनी, म्हणून शोधत जावं लागलं. सगळं सांगितलं. ते काठी टेकून ऐकत राहिले.

“ते पाखरू फासं लावून म्याच धरून दिलं व्हतं,” ते म्हणाले. “सर म्हनले, बाईनं मागितलंय. दुसऱ्या कुनाला दिलं नसतं म्या.”

“काका, मी नाही हो मागितलं! मला काहीच माहीत नव्हतं!”

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. मग मेंढरांना हाळी दिली आणि चालायला लागले.

“लई नाचला व्हता तुमी त्या दिशी, बाई,” म्हणाले.