दुपारची सून

रत्नागिरीला आले की दोन दिवसांच्या वर मला घरात बसवत नाही. तिसऱ्या दिवशी मी उगाच स्वयंपाकघर आवरायला घेते, आईच्या डब्यांच्या जागा बदलते, आणि मी वळले की आई ते सगळे होते तिथे नेऊन ठेवते. या वेळी तर पहिल्या सकाळपासूनच पाय ठरेनात. भाट्याच्या पुलावर जाऊन आले, चहा घेतला, पुन्हा चपला घातल्या.

"आता कुठे चाललीस गो?" आईने विचारलं.

"नारळ आणते."

परसात नारळ पडलेले होते. ते दोघींनाही दिसत होते.

मुंबईहून निघायच्या आदल्या दिवशी एक फोन आला होता. ऐन तरुणपणी सहा वर्षं मी एका दुपारच्या मालिकेत धाकटी सून होते. ती मालिका अजून चालू आहे आणि त्यांना माझी सून परत हवी होती. मी मालिका सोडली तेव्हा तिला नदीत बुडवून मारलं होतं. आता ती मेलीच नव्हती असं निघणार होतं. कुठल्याशा गावात ती म्हणे सगळं विसरून गोधड्या शिवत होती. "सोमवारी दुपारपर्यंत सांगा हं ताई," फोनवरची मुलगी म्हणाली. "नाहीतर दुसऱ्या कुणाला घेऊ. प्लास्टिक सर्जरी झाली म्हणून दाखवता येतं."

तेव्हाच नाही म्हणून मोकळं व्हायला हवं होतं. पण कित्येक महिने माझ्या हाताला काम नव्हतं. हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं, आईला तर मुळीच नाही. व्हिडिओ कॉलवर मी तिला हसत सांगायचे, "सध्या निवडून करतेय गो. उगाच मिळेल ते घेत नाही." आई म्हणायची, "बरं."

बाहेरच्यांना वाटतं नट सगळे सारखे. आमच्यात कडक उतरंड असते. वर नाटक, मग सिनेमा, मग रात्रीची मालिका आणि तळाला दुपारची. रात्रीच्या मालिकेतली बाई दुपारच्या बाईशी मेकअप रूममध्ये गोड बोलते, पण खुर्ची सोडत नाही. त्या तळातून वर आलेली माणसं मग त्या वर्षांचं काय करायचं ते आपापल्या परीने ठरवतात. माझी एक मैत्रीण त्याला 'माझी शाळा' म्हणते आणि विषय बदलते. एका मित्राने स्वतःच्या माहितीतून ती वर्षंच काढून टाकलीत. तेव्हा काय करत होतास असं कुणी विचारलं तर म्हणतो, वाचन. मी नक्कल करते. चार माणसं जमली की मला आग्रह होतो, मग सासूचं एक वाक्य, विजेचा कडकडाट, आणि माझी मान तीनदा गर्रकन वळते. लोक हसून बेजार होतात. मला स्वतःला त्या हसण्याचा राग येतो आणि तरी मी पुढच्या वेळी करतेच.

त्या कामात अभिमान धरावा असं होतं तरी काय? सकाळी सेटवर गेलं की प्रिंटरमधून निघालेली संवादांची गरम पानं हातात पडायची. पाठ करायला वेळ नाही, म्हणून कॅमेऱ्यामागून एक मुलगा वाक्यं सांगायचा आणि आम्ही ती त्याच्यामागून म्हणायचो. सासूचं काम करणाऱ्या बाई बहुतेक दिवस दुसऱ्याच शूटिंगला असायच्या. मग दिव्याच्या स्टँडवर त्यांच्या उंचीला चिकटपट्टी लावायची आणि मी त्या पट्टीकडे बघून रडायचे. सहा वर्षांत मी माणसापेक्षा पट्टीसमोर जास्त रडले असेन.

शनिवारी संध्याकाळी इथल्या एका मंडळाने माझी प्रकट मुलाखत ठेवली होती. मंडळाच्या कापडी फलकावर माझा चेहरा होता, तोही सुनेच्या नथीसकट. माझी नाटकं, सिनेमे, सगळं खाली बारीक अक्षरांत. बघताच माझं डोकं फिरलं. आई पहिल्या रांगेत बसली होती, ठेवणीतली साडी नेसून. मागे मिरजोळ्याच्या एका कारखान्यातल्या बायका आल्या होत्या. जेवणाच्या सुट्टीत त्या मला बघायच्या, असं त्यांनी दारातच सांगितलं होतं.

मुलाखत घेणारे निवृत्त प्राध्यापक होते. त्यांनी नाटकाबद्दल विचारलं, मी बरं बोलले. मग त्यांनी मालिकेबद्दल विचारलं आणि मी नेहमीचा हुकमी किस्सा काढला.

मालिकेत माणूस मेला की त्याच्या फोटोला हार घालून तो भिंतीवर लावतात. माझ्या वेळी त्यांना घरचा फोटो हवा होता, म्हणून मावसबहिणीच्या लग्नातला दिला. हार घातलेला फोटो चित्रित झाला की त्या नटाला कॅमेऱ्यासमोर उभं करून एक हसरा शॉट घेतात आणि पेढा भरवतात. तो शॉट कुठे दाखवत नाहीत. अशुभ धुऊन निघावं एवढ्यासाठी असतो. मीही हसले, पेढा खाल्ला, आणि काम सुटल्याच्या आनंदात आईकडे आले. इकडे केळशीच्या मावशीने शेजाऱ्यांच्या खिडकीतून टीव्हीवर तो फोटो बघितला. नेमका तोच फोटो तिच्याही भिंतीवर होता. तिने ना कुणाला विचारलं ना पुढचं बघितलं. घरी जाऊन डोक्यावरून आंघोळ केली आणि रीतसर सुतक धरलं. ते फिटल्यावर समाचाराला आईला फोन केला आणि हुंदके द्यायला लागली. आई म्हणाली, "अगो, ती इथे समोर बसून बांगडा खातेय."

सभागृह हसून लोटपोट झालं. मी आईकडे बघितलं. ती हसत नव्हती.

टाळ्या थांबल्यावर प्राध्यापक म्हणाले, "पण त्या कामाने तुम्हाला घडवलं, नाही का?" आणि मला काय झालं कोण जाणे. तो फलक, ती नथ, सोमवारचा फोन, सगळं एकदम वर आलं. मी म्हणाले, "नाही. ते काम मी माझ्या कामात मोजतच नाही. ती सहा वर्षं मी नव्हतेच असं समजा." पुढच्या रांगांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. मागच्या बायकांनी नाही वाजवल्या.

रिक्षात आई रिक्षावाल्याला वळणं तेवढी सांगत होती. रविवारीही कामापुरतंच बोलली. मी तिच्या मागे मागे फिरत होते. एकदा विचारलं, "तुला मुलाखत नाही का आवडली?" ती म्हणाली, "चांगली बोलतेस तू." आईने असं म्हटलं की समजावं, काहीतरी बिनसलंय. मला वाटलं, शेजारणींत तिची मान खाली गेली असेल. इतकी वर्षं तिने मुलीची मालिका म्हणून मिरवलं आणि मुलीने गावात येऊन त्यावर पाणी ओतलं.

सोमवारी दुपारी तिने पानं वाढली. कुळथाचं पिठलं, भात, तळलेली मिरची. फोन मी ताटाशेजारीच ठेवला होता. आईने टीव्ही लावला. तीच मालिका होती. सासू तीच, आणि माझ्या जागी आणलेली नवीन सून रडत होती. आवाज मात्र येत नव्हता.

"आवाज बंद आहे," मी म्हणाले.

"मी बंदच ठेवते."

"म्हणजे? आधीपासून? मी होते तेव्हासुद्धा?"

"तेव्हापासूनच." ती शांतपणे भात कालवत होती. "काय ती वाक्यं गो. डोकं उठायचं. आणि ते विजेचे आवाज."

मला हसू यायला हवं होतं. मी चिडले. "मग बघत काय होतीस सहा वर्षं? गोष्ट तरी कळायची का तुला?"

"गोष्ट कोणाला हवी होती? तुला बघत होत्ये." तिने माझ्याकडे बघितलं नाही. "त्या घरात लग्न होतं, तू हिरवा शालू नेसलेली, तेव्हा तुला ताप होता. डोळे बघून कळलं मला. फोन केला तर म्हणालीस, मजेत आहे."

मला आठवलं. ताप होता. दोन गोळ्या घेऊन मी उभी होते आणि ते सेटवरसुद्धा कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"तुझे बाबा बोटीवर कामाला होते, तिकडनं तेच सांगायचे. मजेत आहे. घरी आले ते परमुलखातल्या इस्पितळात पोट फाडून घेऊनच. मला काही पत्ता नाही." ती थांबली. "तुझं रोज दिसायचं. जेवलीयस का, झोपलीयस का. कोणी काही बोललं असेल तर ते पण दिसायचं. एक वर्षभर तुझी दशा फार वाईट होती. मी काही विचारलं नाही, तू सांगितलं नसतंस. हार घातलेला फोटो आला तेव्हा मावशीने सुतक धरलंन, तुम्ही हसता. मला एवढंच कळलं की उद्यापासून तू दिसणार नाहीस."

ते एक वर्ष कुठलं, हे मला विचारावं लागलं नाही. त्या वर्षी माझा संसार मोडत होता आणि मी ते आईला सगळं उरकल्यावर सांगितलं होतं. तेव्हाही ती "बरं" एवढंच म्हणाली होती.

मला रडू येत होतं आणि माझा मलाच राग येत होता. शनिवारी मी भर सभेत म्हणाले होते, ती सहा वर्षं मी नव्हतेच.

"पण आता आपण रोज बोलतो ना," मी म्हणाले. "व्हिडिओ कॉल करते. समोरासमोर दिसते तुला."

आईने पाण्याचा घोट घेतला.

"फोनवर तू ॲक्टिंग करतेस," ती म्हणाली. "तिकडे नव्हतीस करत."

ताटाशेजारचा फोन वाजायला लागला. मी हात धुतले नाहीत, डाव्या हातानेच उचलला. तीच गोड आवाजातली मुलगी होती. काय ठरवलंत ताई, तिने विचारलं. मी म्हणाले, "करते मी. आनंदाने करते."

आई टीव्ही सोडून माझ्या तोंडाकडे बघत होती.