डेन्मार्कशी साटंलोटं

शाळकरी वयात परदेशात शिकण्याचे फायदे मला तोंडपाठ आहेत. मी स्वतः सुरतच्या पलीकडे गेलेलो नाही.

शहाद्याच्या एका शाळेत मी भूगोल शिकवतो. आमची मुलगी तन्वी अकरावीत असताना एका संस्थेच्या योजनेत तिची निवड झाली. वर्षभर डेन्मार्कमध्ये एका कुटुंबात राहायचं आणि तिथल्याच शाळेत जायचं. पोरगी हरखून गेली. पण आमच्या घरातला मोठा निर्णय शहाद्यात होत नाही. तो ब्राह्मणपुरीत, आमच्या गावी होतो, माझे थोरले भाऊ केळीच्या बागेतून येऊन पाय धुऊन बसले की. सगळं घर त्यांना दादा म्हणतं. वडिलांच्या मागे त्यांनीच मला शिकवलं. ते नाही म्हणाले असते तर तन्वी गेली नसती, आणि हे तिलाही माहीत होतं.

मी त्यांच्यापुढे फायदे मांडले. आत्मविश्वास येतो, जग कळतं, परक्या घरी राहून मूल स्वावलंबी होतं, सुधारतं! (हे सगळं प्रमाण मराठीत बोललो ही माझी चूक. आमच्या अहिराणी घरात ती भाषा फक्त विमा एजंट बोलतो, त्यामुळे दादा लगेच सावध झाले.)

"एक्सचेंज म्हनजे काय?" त्यांनी विचारलं.

"अदलाबदल."

"म्हनजे साटंलोटं." दादांचा चेहरा उजळला. एका घरात मुलगी द्यायची आणि त्याच घरातली सून करून आणायची, हा व्यवहार त्यांना नीट कळतो. "आपली पोर त्यास्ना घर जाई. त्यास्नं पोरगं आपला घर कव्हय येई?"

"तसं नसतं दादा. आपली तिकडे जाते, त्यांचं मूल आणखी तिसरीकडेच जातं."

"मंग ते साटंलोटं नही. ती फसवनूक शे." ते उठले आणि टोपी झटकून म्हणाले, "पहिले मानसं देखू. मंग बोलू."

त्या रविवारी ब्राह्मणपुरीच्या ओसरीवर लॅपटॉप मांडला. दादा धुतलेली टोपी घालून समोर बसले, तन्वी दुभाषी म्हणून शेजारी, आणि मी अन् माझी बायको सुनंदा मागे. पडद्यावर एक गोरे गृहस्थ, त्यांची पत्नी आणि मिकेल नावाचा त्यांचा उंच मुलगा. त्यांना वाटत होतं, ही ओळखीची गप्पागोष्टींची भेट आहे. आम्ही मात्र स्थळाची चौकशी करत होतो.

"इचार, जमीन कितली शे?"

जमीन नव्हती. गृहस्थ बस चालवायचे. दादांनी कपाळाला आठी घातली.

"खासगी का सरकारी?"

"नगरपालिकेची."

"म्हनजे पेन्शन शे. चाली." दादा सैल झाले. "व्यसन काय शे, इचार."

तन्वीने अत्यंत गोड आवाजात त्यांना छंद विचारला. ते गृहस्थ उत्साहाने मासेमारीबद्दल बराच वेळ बोलले. तन्वी दादांना म्हणाली, "नाही म्हणतात."

इथवर सगळं सुरळीत चाललं होतं. मग दादांनी मुद्द्याला हात घातला. "आते सांग त्यास्ले. आमनी पोर तुमना घर, तर तुमनं पोरगं आमना घर."

तन्वीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून नको म्हटलं. पण दादा तिच्या तोंडाकडे बघत होते, तेव्हा तिने बिचारीने विचारलं. पडद्यावर कुजबुज झाली. मिकेल पुढे सरकला आणि काहीतरी भराभर बोलला.

"तो म्हणतोय, त्यालाही एक वर्ष कुठेतरी जायचंच होतं," तन्वी हळूच म्हणाली. "संस्था हो म्हणाली तर तो येईल. आपल्याकडे."

"आपल्याकडे?" मी म्हणालो. "वर्षभर? अगं, त्याला इथला उन्हाळा सोसायचा नाही. आणि आपली बाथरूम..."

दादा माझ्याकडे वळले. "तूच म्हने ना, परका घर ऱ्हाईसन पोरगं सुधरस?"

तन्वीच्या डोळ्यांत पाणी तरळलं होतं. ती माझ्याकडे बघत राहिली. पोरीच्या वर्षापुढे मी बाथरूम घेऊन बसलो होतो, आणि मला माझीच खूप लाज वाटली. मी हो म्हणालो. दादांनी लॅपटॉपपुढे नारळ ठेवला आणि तिकडे सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

संस्थेनेही हो म्हटलं. तन्वी गेली, आणि पाठोपाठ मिकेल आला. पहिल्याच दिवशी त्याचं डोकं आमच्या चौकटीला लागलं. शेवभाजी खाऊन त्याचे कान लाल झाले, पण ताट त्याने पुसून संपवलं. मग उठला, मोरीत जाऊन स्वतःचं ताट घासलं आणि परत येऊन मला इंग्रजीत सरळपणे विचारलं, "इथे ताट कोण घासतं?"

देशाच्या अब्रूचा प्रश्न होता. मी ताठ बसून म्हणालो, "ज्याचं तो."

सुनंदा भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. वीस वर्षांच्या संसारात मी दिलेलं कुठलंच उत्तर तिने इतक्या लक्षपूर्वक ऐकलेलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात दादा केळीचा घड घेऊन आले. मिकेल अंगणात कपडे वाळत घालत होता, आणि मी मोरीत बसलो होतो, हात कोपरापर्यंत साबणात.

"हाई काय चालू शे?" दादांनी दारातूनच विचारलं.

सुनंदाने डोक्यावरचा पदर सावरला. "यास्नं परदेशी शिक्षण चालू शे, दादा."

वाटलं, दादा आता तिला तरी बोलतील किंवा मला तरी उठवतील. शेवटी सख्खा भाऊ. त्यांनी घड खाली ठेवला, पुढे येऊन मी घासलेली ताटं एकेक उचलून उजेडात धरली आणि म्हणाले, "कढई ऱ्हायनी."

मी कढई ओढून घेतली.