पोयटा खड्ड्यात गेला

परवा पुतण्या कृषी केंद्रातून एक बाटली घेऊन आला. आत कोऱ्या चहासारखं काळपट तांबूस पाणी.

"काकू, हे फुल्विक ॲसिड. पाला, गवत, जे काही मातीत कुजते, त्याच्यात हे तयार होते. धानाच्या मुळ्या जोर धरतात, खत पिकाले लागू पडते. माणसाच्या तब्येतीसाठीबी गोळ्या निघाल्या म्हणते."

गोळ्यांचं मला ठाऊक नाही. पण कुजलेल्या पाल्याचं नाव काढलं आणि माझं डोकं असं तडकलं की तो बिचारा बाटली घेऊन उंबऱ्यातच थांबला. त्याची चूक काहीच नव्हती. माझा राग त्याच्या जन्माआधीचा आहे.

सत्तरच्या दशकात मी नाकाडोंगरीकडच्या जंगलाजवळच्या गावातून लग्न होऊन इकडे, शहापूरपासून जवळच्या गावात आले. घरात सासरे, नवरा, धाकटा दीर आणि नवऱ्याची मोठी बहीण. ती लग्नानंतर लवकरच विधवा होऊन माहेरी परतलेली. सगळे तिला बाई म्हणत, मीही म्हणायचे. सासऱ्यांनी तिच्या पोटापाण्याला एक बांधी, म्हणजे धानाचं बांध घातलेलं शेत, दिली होती, तलावाच्या पाळीला, मातीच्या बांधाला लागून. दिली म्हणजे, घरात कोणालाच ती नको होती. जमीन बरड. पाणी साचलं की सिमेंटसारखी बसायची, ऊन लागलं की भेगाळायची. धान उगवायचं ते पिवळं आणि खुरटं.

त्या बांधीला काय हवं होतं हे अख्ख्या गावाला माहीत होतं. तलावात जंगलाकडून पिढ्यान्‌पिढ्या पालापाचोळा वाहून यायचा, तळाशी कुजायचा आणि त्याचा काळा, लोण्यासारखा पोयटा व्हायचा. उन्हाळ्यात पाणी हटलं की घरोघरच्या बैलबंड्या तो गाळ भरून शेतात नेत. आमचीही बंडी जायची, पण आधी सासऱ्यांच्या बांध्यांना, मग नवऱ्याच्या, मग दिराच्या. बाईचा नंबर येईपर्यंत आभाळ भरून यायचं. दरवर्षी. बाई काही बोलायची नाही. मला मात्र पहिल्याच उन्हाळ्यात ते खुपलं.

मग दुष्काळ पडला आणि तलाव तळापर्यंत आटला. सरकारनं तलाव खोल करायचं काम काढलं. बायांनी घमेल्यानं गाळ वाहायचा होता. बाई आणि मी दोघीही कामावर लागलो.

बाई खूश होती. "वहिनी, औंदा आपली बांधी काळी होते पाहा. बंडीबी नाही लागत. डोक्यावरून उतरवला का बांधीत."

पहिल्याच सकाळी मुकादमानं हात दाखवला तो उलटीकडे. पाळीच्या पलीकडे, हायवेच्या कडेला एक खोलगट जागा होती, गावातल्या बड्या माणसाची. त्याला तिथं धानाची गिरणी टाकायची होती. जागा भरून हवी होती आणि तलावाच्या कामावर वट त्याचीच होती. हे सगळ्यांना कळत होतं.

बाई मुकादमासमोर जाऊन उभी राहिली. "भाऊ, एवढा चांगला पोयटा खड्ड्यात काहून टाकून राहिले? मुरूम टाका ना तिथं."

"मले जे सांगतलं ते मी करून राहिलो, बाई. हा सरकारी गाळ आहे."

"सरकारनं आणला का हा? आमच्या जंगलाचा पाला आहे."

तो हसला. "चाल, घमेलं उचल."

संध्याकाळी घरी मी सासऱ्यांसमोर विषय काढला. ते म्हणाले, "त्याच्याशी वाकडं घेऊन जमत नाही. त्याच्या विहिरीचं पाणी लागते आपल्याले." नवरा खाली मान घालून जेवत राहिला. मी वाढत होते. ताटात भाजी आपटली गेली, तरी त्यानं वर पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी भरलेलं घमेलं डोक्यावर घेऊन बाई पाळीवर चढली आणि हायवेकडे न वळता सरळ आपल्या बांधीत उतरली. मी तिच्या मागे. आमच्या मागे एक ढिवरीण होती. तिच्या घरचे तलावात मासे धरून जगायचे, त्यांच्याकडे वीतभर जमीन नव्हती.

बाईनं तिला विचारलं, "तुझी तं बांधी नाही वो, तू कायले आली?"

"त्या खड्ड्यात ओताले जीव होत नाही माझा," ती म्हणाली आणि तिनं घमेलं पालथं केलं.

तिच्या मागे आणखी बाया आल्या, मग रांगच लागली. मुकादम पाळीवरून ओरडत होता, शिव्या देत होता, पण बाया एकदा चालायला लागल्यावर तो किती जणींना अडवणार? बांधीच्या कोपऱ्यात काळे ढीग पडत गेले. बाई हातानंच ते पसरत होती आणि मोठ्यानं हसत होती. तिला असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

दुपारी बडा माणूस फटफटीवर आला. मागच्या सीटवर माझा नवरा बसला होता.

नवरा तिथूनच बोलला, "बाई, घराची अब्रू चव्हाट्यावर आणू नको. घमेलं ठेव खाली."

बाई काही बोलायच्या आत मी बोलले. चारचौघांत नवऱ्याला बोलायची ती माझी पहिली वेळ. "आधी त्या फटफटीवरून उतरा, मग आम्हाले सांगा."

तो उतरला. पाळीवर आला. माझ्या डोक्यावरचं घमेलं काढून घेतलं आणि तिथंच, वाटेत पालथं केलं. ना खड्ड्यात, ना बांधीत. सगळ्या बाया बघत होत्या. बडा माणूस हसत होता.

दुसऱ्या दिवसापासून आम्हाला दोघींना आणि त्या ढिवरिणीला कामावर येऊ नका म्हणून सांगितलं. बाकीच्या बायांची घमेली हायवेकडे जात राहिली. पोयटा संपून खाली पिवळी कडक माती लागेपर्यंत तो खड्डा खात राहिला. पुढं तिथं गिरणी उभी राहिली आणि जोरात चालली. असल्या माणसांना कधी ना कधी शिक्षा मिळते असं मला कोणी सांगू नये.

बाईच्या बांधीचा जेवढा कोपरा काळा झाला, तेवढ्यात पुढल्या हंगामात धान गर्द हिरवं आलं. मधे पावसानं ओढ दिली, बाकीची बांधी करपली, कोपरा तग धरून राहिला. सासरे धुऱ्यावर, बांधीच्या कडेला, उभे राहून म्हणाले, "कोपरा बरा साधला." त्यांनी पुढच्या उन्हाळ्यात बंडी सगळ्यांत आधी बाईला दिली. तलावात तेव्हा न्यायला काही उरलं नव्हतं.

मग बाईनं बांधीतच खड्डा खोदला. पळसाचा पाला, शेण, धानाचा कोंडा, तलावातली बेशरमाची कुजकी झुडपं, जे मिळेल ते त्यात कुजवलं. मी सोबत असायचे. दर उन्हाळ्यात ते काळं खत दोघींनी डोक्यावरून पसरलं. पुरी बांधी मऊ पडायला वर्षं लागली. पाय रुतायचा, मुठीत माती घेतली की गांडूळ वळवळायचं.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी बाई तापानं गेली. तिची तेरवी व्हायच्या आतच माझा नवरा आणि दीर ओसरीवर भांडायला लागले. भांडण त्याच बांधीवरून होतं.

दीर म्हणत होता, "गावातली सगळ्यात चांगली जमीन आहे ते. माझ्या हिश्श्यात पाहिजे."

नवरा म्हणत होता, "मी मोठा आहे."

बाईचं नाव एकाच्याही तोंडून निघालं नाही. मी चुलीतली लाकडं बाहेर ओढली, त्यांवर पाणी ओतलं आणि आतून दार लावून घेतलं. त्या दिवशी त्या दोघांना मी जेवायला वाढलं नाही.