रेवतीसाठी पुस्तकं शोधणाऱ्या कुसुमताई

कुसुमताई तांडेल यांची आणि माझी पहिली भेट अवघडच झाली. अकरा वर्षांपूर्वी डहाणू रोडच्या वाचनालयात मदतनीस म्हणून रुजू व्हायला मी तलासरीहून आले, ती नऊ वर्षांच्या माझ्या लेकीला, रेवतीला बरोबर घेऊनच. घरी तिच्याजवळ थांबणारं कोणी नव्हतं. मी अर्ज भरते आहे तोवर तिने एक कपाट रिकामं करून पुस्तकं उंचीनुसार लावायला घेतली होती. मी तिच्यावर ओरडले. ग्रंथपाल कुसुमताई म्हणाल्या, "लावू दे गं. विषयवार मी परत लावीन."

ताई मासे सुकवणाऱ्या घरातल्या. लहानपणी आईशेजारी बाजारात बसून त्यांनी गिऱ्हाईकाचं ऐकून घ्यायची सवय लावून घेतली. पुस्तक परत करणाऱ्या प्रत्येकाला त्या आजही विचारतात, काय आवडलं नाही? उत्तर वहीत लिहून ठेवतात.

रेवती तेरा वर्षांची असताना तिला ऑटिझम असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. अशा मुलांविषयी काही वाचायला द्या, असं मी ताईंना म्हटलं. त्यांनी दोन कादंबऱ्या काढून दिल्या. एकीतला मुलगा गणितात अचाट हुशार. दुसरीतला शेवटी आईला मिठी मारतो आणि बरा होतो. दुसरी वाचून मी खूप रडले. रेवतीनेही दोन्ही वाचल्या. ताईंनी नेहमीचा प्रश्न विचारला, तेव्हा ती म्हणाली, "यात सगळे त्या मुलाबद्दल बोलतात. त्याला कोणी विचारत नाही."

ताईंनी तेही वहीत टिपलं. मग मला म्हणाल्या, "वैशाली, ही पुस्तकं आयांनी लिहिलीत, डॉक्टरांनी लिहिलीत. या मुलांपैकी कोणी मोठं होऊन लिहिलंच नसेल का?"

ही मुलं कुठली गोष्टी लिहिणार, असं मी बोलून गेले. रेवती तिथेच बसली होती.

ताई मात्र शोधत राहिल्या. ओळखीच्या ग्रंथपालांना पत्रं लिहिली, साठी उलटून गेल्यावर फोनवर शोधायला शिकल्या. चार महिन्यांनी एक इंग्रजी कादंबरी आली. लेखिका स्वतः ऑटिस्टिक. ताईंचं इंग्रजी जेमतेम. रोज सकाळी शब्दकोश घेऊन त्या चार-पाच पानं समजून घेत आणि बुधवारी दुपारी रेवतीला मराठीत सांगत.

एका बुधवारी नायिकेच्या बहिणीच्या लग्नाचा प्रसंग आला. बँड, अत्तरं, अंगाला घासणारी माणसं हे सगळं असह्य होऊन ती कोठीच्या खोलीत जाऊन बसते. ती रुसली असं सगळ्यांना वाटतं. ती मात्र तिथे बसून बहिणीला काय बोलून शुभेच्छा द्यायच्या, याची तयारी करत असते.

रेवतीने तो भाग तीनदा सांगायला लावला. मग म्हणाली, "हे लिहिणारीला माहीत आहे." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "मावशीच्या लग्नात मी रुसले नव्हते."

त्या लग्नात मी तिला सगळ्यांदेखत मारलं होतं. मी काउंटर सोडून तिच्यासमोर जाऊन बसले आणि तिची माफी मागितली. ताई उठून बाहेर गेल्या. त्या दिवसाबद्दल त्यांनी पुढे कधी विषय काढला नाही.

त्यानंतर आणखी पुस्तकं येत गेली. ताईंनी त्यांच्यासाठी वेगळा कप्पा केला आणि वर 'स्वमग्न लेखकांच्या कथा' अशी पाटी लावली. रेवतीने हरकत घेतली. "मी स्वतःत मग्न नसते. मला तर सगळंच ऐकू येतं," असं ती म्हणाली. अख्खं आयुष्य शब्दांत गेलेल्या ताईंनी, माझं चुकलं, असं म्हणून पाटी उतरवली आणि 'ऑटिस्टिक लेखकांच्या कथा' अशी नवी रेवतीकडूनच लिहून घेतली. आता वाणगाव, सरावलीहून आईवडील मुलांना घेऊन त्या कप्प्यापाशी येतात. मुलांना काय हवं ते मुलांनाच विचारलं जातं.

रेवती वीस वर्षांची आहे आणि कादंबरी लिहिते आहे. गोष्ट मांगेलवाड्यात, मच्छीमारांच्या वस्तीत, मासे सुकवणाऱ्या एका ऑटिस्टिक मुलीची आहे. बोंबील वाळत घालण्याच्या बारीकसारीक गोष्टी ती ताईंना विचारून घेते. बाकी काही कोणाला विचारत नाही. मला अजून एक पानही वाचायला मिळालेलं नाही. पहिलं वाचन कुसुमताईंनीच करायचं आणि काय आवडलं नाही ते सांगायचं, असं दोघींचं ठरलं आहे.

रेवती फार सावकाश लिहिते. एकेका वाक्यावर आठवडा घालवते. पंचाहत्तरी पूर्ण करणाऱ्या ताईंना म्हणूनच माझं मागणं आहे: डोळे सांभाळा, तब्येत सांभाळा, आणि तिचं लिहून होईपर्यंत, त्यानंतरचंही लिहून होईपर्यंत, आम्हाला भरपूर वर्षं द्या.